दुकान आपले, चावी मात्र दुसऱ्याकडे!

आमच्या परिचयाचे एक अत्तराचे व्यापारी आहेत. वडिलांपासून चालत आलेला धंदा, माल चोख, जबान साफ. मुलगा कॉम्प्युटरचा कोर्स करून आला आणि त्याच्या आग्रहावरून त्यांनी दुकानाची वेबसाइट करून घेतली. रमजान जवळ आला तसे मुलाने घरी बसून नवीन बाटल्यांचे फोटो पानावर लावले, तयार फाइल वेबसाइट सांभाळणाऱ्या डिझायनरकडे पाठवली आणि त्याने ती सर्व्हरवर चढवली. घरी पान उघडले की सगळे फोटो झळकत होते. पण बाहेरगावच्या गिऱ्हाइकांचे फोन येऊ लागले, "हाजीसाहेब, नाव दिसते, भाव दिसतो, बाटली कुठे आहे? नुसते रिकामे चौकोन दिसतात."

मुलाने दोन दिवस डोके खाजवले आणि दोष सापडला. तो घरी जे पान बघत होता ते इंटरनेटवरचे नव्हतेच, कॉम्प्युटरमधली प्रत होती. त्या पानात फोटोचा पत्ता घरच्या कॉम्प्युटरच्या 'सी' ड्राइव्हचा लिहिला गेला होता. गिऱ्हाइकाच्या फोनला आमच्या हाजीसाहेबांचा 'सी' ड्राइव्ह कसा सापडणार? दुरुस्ती पाच मिनिटांची होती. पण सर्व्हरचा पासवर्ड डिझायनरकडे. तो म्हणाला, मिळालेली फाइल मी चढवली, आता दुरुस्तीचे वेगळे पैसे पडतील. पैशावरून बोलाचाली झाली, पुढे त्याने फोन उचलणे बंद केले. पासवर्ड हाती येईपर्यंत दोन आठवडे गेले आणि ईदचे गिऱ्हाईक दुसरीकडे गेले.

ही एका दुकानाची कहाणी नाही. चपलांचे कारखानदार असोत, बांगड्यांचे व्यापारी असोत, जरीकाम करणारे कारागीर असोत, अनेकांनी हौसेने वेबसाइट केली आणि पहिली अडचण येताच ती वाऱ्यावर सोडली. आमचे स्पष्ट मत असे आहे की यात दोन गोष्टी कमी पडतात. एक, दोष शोधण्याचे साधे ज्ञान. दुसरी, दुकानाची चावी आपल्या हातात ठेवण्याची शिस्त. पहिली नसेल तर दुसरी कामाला येत नाही आणि दुसरी नसेल तर पहिली फुकट जाते.

मागावर बसणाऱ्याला हे अवघड नाही

वेब पाने बनवण्याचे एक जुने, नावाजलेले सॉफ्टवेअर आहे. ड्रीमवीव्हर त्याचे नाव. मॅक्रोमीडिया कंपनीने ते १९९७ साली काढले, २००५ साली ती कंपनी अडोबीने विकत घेतली. नावाचा अर्थ पाहा, स्वप्ने विणणारा विणकर! मालेगाव-भिवंडीच्या आमच्या बंधूंना आम्ही विचारतो, मागावर धागा तुटला तर तुम्ही सगळा माग मोडता काय? नाही. माग थांबवता, टोक शोधता, गाठ मारता आणि पुढे चालता. वेब पानाचेही तसेच आहे. आधी विचारायचे की धागा कुठे तुटला. पान बनवताना चूक झाली, चढवताना झाली, की बघणाऱ्याच्या फोनमध्ये जुनी प्रत अडकून बसली?

म्हणून पहिला नियम असा. पान ज्या कॉम्प्युटरवर बनवले तिथे तपासू नये. दुसऱ्याचा फोन घ्यावा, वेबसाइटचा पत्ता टाकावा आणि तिथे काय दिसते ते बघावे. आपल्या कॉम्प्युटरवर बघायचेच असेल तर कंट्रोल आणि एफ-५ एकत्र दाबावे, म्हणजे ब्राउझर साठवलेली जुनी प्रत सोडून नवी आणतो. "बदल केला पण दिसत नाही" अशी तक्रार पुष्कळ वेळा एवढ्यानेच मिटते.

फोटो दिसत नाही

ही सर्वात जास्त आढळणारी तक्रार. तिची कारणे थोडीच आहेत आणि ती क्रमाने तपासली तर दोष लपून राहत नाही.

पहिले कारण हाजीसाहेबांच्या पानाचे. ड्रीमवीव्हरमध्ये काम सुरू करण्याआधी 'साइट' ठरवून द्यावी लागते, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या एका फोल्डरला आपले दुकान म्हणून जाहीर करावे लागते. पाने, फोटो, सगळे त्या एकाच फोल्डरमध्ये हवे. फोटो बाहेरच्या फोल्डरमधून घेतला तर सॉफ्टवेअर विचारते की याची प्रत साइटच्या फोल्डरमध्ये ठेवू काय? घाईत 'नाही' दाबले की पत्ता 'सी' ड्राइव्हचा राहतो. प्रश्न वाचावा आणि 'होय' दाबावे.

दुसरे कारण मोठ्या आणि लहान इंग्रजी अक्षरांचे. विंडोजच्या कॉम्प्युटरला 'रोझ' हे नाव मोठ्या 'आर'ने लिहिले काय आणि लहान 'आर'ने लिहिले काय, सारखेच. पण बहुतेक वेबसाइटचे सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि लिनक्सला ती दोन वेगळी नावे वाटतात. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोच्या नावाअखेर 'जेपीजी' पुष्कळदा मोठ्या अक्षरांत असते आणि पानात आपण लहान अक्षरांत लिहितो. घरी फोटो दिसतो, सर्व्हरवर गायब. यावर एकच उपाय. सगळी फाइलनावे लहान इंग्रजी अक्षरांत ठेवावी, मध्ये मोकळी जागा सोडू नये, मराठी किंवा उर्दूत नाव देऊ नये. दोन शब्द जोडायचे असतील तर आडवी रेघ वापरावी.

तिसरे कारण, फोटो चढलेच नाहीत. ड्रीमवीव्हरमधून पान चढवण्याच्या हुकमाला 'पुट' म्हणतात. तो दिला की सॉफ्टवेअर विचारते, या पानाला लागणाऱ्या फाइलीही सोबत पाठवू काय? नको म्हटले की पान एकटेच जाते. दुल्हा मंडपात पोचला, वऱ्हाड गावातच राहिले, असा प्रकार होतो. पान अगदी उघडेबोडके, काळ्या अक्षरांत आणि एका सरळ रांगेत दिसू लागले तर समजावे की सजावटीची फाइल, जिला स्टाइलशीट म्हणतात, ती पोचलेली नाही.

नेमकी कोणती फाइल हरवली ते शोधण्याचीही युक्ती आहे. कॉम्प्युटरवर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये पान उघडून एफ-१२ दाबावे. खाली किंवा बाजूला एक चौकट उघडते. त्यातल्या 'कन्सोल' भागात न सापडलेल्या फाइलचे नाव ४०४ या आकड्यासह लाल अक्षरांत येते. हा आकडा पाहून घाबरू नये. तो शिव्या देत नाही, पत्ता सांगतो.

फाइल चढत नाही

आकड्यांची ही भाषा शिकून घ्यावी. ४०४ म्हणजे फाइल त्या जागी नाही. ४०३ म्हणजे सर्व्हर ती दाखवायला नकार देतो आहे. अशा वेळी बहुधा परवानगीचा प्रश्न असतो. साधारणपणे फाइलला ६४४ आणि फोल्डरला ७५५ अशी परवानगी असावी लागते. मुखपृष्ठाच्या फाइलला 'इंडेक्स' हे नाव नसले तरीही कित्येकदा ४०३ येतो. ५०० म्हणजे सर्व्हरच्या आतला बिघाड, त्यासाठी होस्टिंगवाल्याला गाठावे. ४१३ म्हणजे पाठवलेली फाइल प्रमाणाबाहेर मोठी आहे.

या शेवटच्या दोषाने आमचे बंधू सर्वात जास्त त्रासतात. हल्लीच्या फोनचा एकेक फोटो सहज ४-५ एमबीचा असतो. पुष्कळ वेबसाइटी पीएचपी या भाषेवर चालतात आणि पीएचपीची मूळ मर्यादा एका फाइलला २ एमबी आहे. होस्टिंगवाल्याने ती वाढवली नसेल तर फोटो नाकारला जातो, आणि कित्येकदा कारणही धड सांगितले जात नाही. मर्यादा वाढवून घेता येते, पण आमचा सल्ला आहे की आधी फोटो लहान करावा. फोनच्या पडद्यावर बाटली, चप्पल किंवा साडी दाखवायला हजार-बाराशे पिक्सेलची रुंदी भरपूर झाली. जड फोटोचा भार गिऱ्हाइकाच्या डेटावर पडतो आणि पान उघडेपर्यंत तो निघून जातो. आयफोन २०१७ पासून फोटो एचईआयसी या प्रकारात साठवू शकतो. तो बहुतेक ब्राउझरांना वाचता येत नाही, म्हणून जेपीजी करूनच चढवावा.

फाइल 'चढली' असे सॉफ्टवेअर म्हणते पण पान बदलत नाही, असेही घडते. मग ती चुकीच्या फोल्डरमध्ये गेलेली असते. पुष्कळ होस्टिंगमध्ये लोकांना दिसणारा फोल्डर 'पब्लिक एचटीएमएल' नावाचा असतो, त्याच्या बाहेर ठेवलेला माल गोदामात राहतो, दुकानात येत नाही. ड्रीमवीव्हरच्या सर्व्हर सेटिंगमध्ये 'रूट डायरेक्टरी'च्या जागी त्या फोल्डरचे नाव बरोबर आहे ना, ते एकदा तपासावे. जोडणीच होत नसेल तर त्याच सेटिंगमध्ये 'पॅसिव्ह एफटीपी'ची खूण करून पाहावी. राउटर आणि फायरवॉलच्या अडथळ्यात तिचा पुष्कळदा उपयोग होतो. आणि होस्टिंगवाला देत असेल तर साध्या एफटीपीऐवजी एसएफटीपी घ्यावे. साध्या एफटीपीत पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जातो, एसएफटीपीत बंद पाकिटातून जातो.

पान विस्कटले तर

कॉम्प्युटरवर नीटनेटके दिसणारे पान फोनवर का मोडते? जुन्या पद्धतीत ड्रीमवीव्हरमध्ये चौकटी माउसने ओढून पाहिजे तिथे ठेवता येत. या चौकटी पडद्याच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून मोजून खिळ्याने ठोकलेल्या असतात. पडदा लहान झाला किंवा अक्षर मोठे झाले की त्या एकमेकींवर चढतात. किंमत फोटोवर जाते, फोन नंबर झाकला जातो. चौकटी ठोकण्यापेक्षा जागेप्रमाणे आकसणारी मांडणी करावी. त्यासाठी फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड या पद्धती आता सर्व ब्राउझरांत चालतात.

पान फोनवर अगदी बारीक, मुंगीच्या अक्षरांत दिसत असेल तर 'व्ह्यूपोर्ट'ची एक ओळ पानाच्या डोक्यात लिहायची राहून गेली आहे. ती ओळ फोनला सांगते की पानाची रुंदी तुझ्या पडद्याएवढी धर. आणि पानाचा अर्धा भागच विस्कटला असेल, तर बहुधा कुठेतरी उघडलेला टॅग बंद केलेला नाही. शिंप्याने एक टाका सोडला की पुढची सगळी शिवण उसवते, तसे हे आहे. डब्ल्यूथ्रीसी या जागतिक संस्थेची तपासणीची सोय मोफत आहे. पत्ता द्यावा, टाका कोणत्या ओळीत सुटला ते ती सांगते.

मराठी आणि उर्दू

आपल्या वाचकांची एक खास अडचण आहे. आपल्याला एकाच पानावर मराठी, उर्दू आणि इंग्रजी तिन्ही लागतात. छापखान्यातून आलेला मराठी मजकूर पुष्कळदा जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो वेब पानावर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, कारण त्या फॉन्टमध्ये मुळात इंग्रजी अक्षरांनाच मराठी आकार चढवलेले असतात. जुन्या इनपेजमधल्या उर्दूचीही तशीच गत होते. उपाय एकच, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि पान 'यूटीएफ-८' म्हणून साठवावे. बदलल्यावर जोडाक्षरे आणि नुक्ते डोळ्यांनी तपासावे, यंत्रावर सोडू नये.

उर्दूसाठी आणखी एक गोष्ट लागते. त्या परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे अशी सांगावी लागते. ती सांगितली नाही तर अक्षरे बरोबर येतात, पण पूर्णविराम आणि कंस भलत्या टोकाला जातात आणि इंग्रजी शब्द किंवा आकडे मध्ये आले की वाक्याचा क्रम बिघडतो. नस्तालीकची अक्षरे वरून खाली उतरत येतात म्हणून दोन ओळींत अंतरही जास्त ठेवावे, नाहीतर ओळी एकमेकींत घुसतात.

छापखानेवाल्या बंधूंसाठी एक शब्द. कोरलड्रॉची सीडीआर फाइल ब्राउझरला उघडता येत नाही. तिच्यातून जेपीजी, पीएनजी किंवा एसव्हीजी काढून द्यावी. ऑफसेटसाठी केलेले चार शाईंचे, म्हणजे सीएमवायके रंगाचे चित्र पडद्यासाठी आरजीबीत बदलावे. नाहीतर मेंदीचा हिरवा भलताच रंग घेतो आणि माल बघून गिऱ्हाईक म्हणते, दाखवले एक आणि दिले दुसरे.

चावीचा प्रश्न

इतके सगळे शिकूनही चावी दुसऱ्याकडे असेल तर हाजीसाहेबांसारखी पाळी येते. आपण दुकानाचे भाडेपत्र शेजाऱ्याच्या नावावर करतो काय? मग वेबसाइटचे नाव डिझायनरच्या नावावर का? नावाची नोंदणी मालकाच्या नावाने, मालकाच्या ईमेलने आणि मालकाच्या फोन नंबरवर झाली पाहिजे. होस्टिंगचे खातेही तसेच. डिझायनरला वेगळा पासवर्ड काढून द्यावा, काम संपले की तो बंद करावा. नोंदणीची मुदत कधी संपते ते खातेवहीत लिहून ठेवावे. मुदत टळली आणि दुसऱ्याने ते नाव घेतले, तर वर्षांची ओळख हातची जाते.

कुराणशरीफात सूरे बकराच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. आपण तिजारत करणारे लोक ही आयत ऐकतो, पण डिझायनरशी मात्र चहाच्या टेबलावर तोंडी सौदा करतो. किती पाने, किती दिवसांत, नंतरची दुरुस्ती कोणती मोफत आणि कोणती पैशाने, फाइली कोणाच्या, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्या.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुष्कळ डिझायनर हे आपल्याच मोहल्ल्यातले तरुण आहेत. ठरलेली मजुरी वेळेवर न देणे, "जरा एवढे बदलून दे" म्हणत महिनोन्महिने फुकट राबवणे, ही व्यापाऱ्यांची खोड आम्ही जाणतो. मजुरी बुडवली म्हणून तो पासवर्ड दाबून बसतो आणि पासवर्ड दाबला म्हणून आपण मजुरी देत नाही. दोघांचेही चुकते. मजुराचा हक्क आणि मालकाची अमानत, दोन्ही आपापल्या जागी पोचल्या पाहिजेत.

"आता वेबसाइट कशाला?"

काही बंधू म्हणतील, व्हॉट्सॲप आहे, इन्स्टाग्राम आहे, ही कटकट हवी कशाला? ती साधने जरूर वापरावी, आम्हीही वापरतो. पण ती दुसऱ्याच्या जागेवर मांडलेली पथारी आहे, हे विसरू नये. जिओसिटीज या सेवेवर जगभरच्या लाखो लोकांनी पाने बांधली होती, याहूने २००९ साली ती बंद केली. आपल्या देशात २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि तिथे माल दाखवणाऱ्यांचे गिऱ्हाईक एका रात्रीत तुटले. बंदी योग्य की अयोग्य हा येथे प्रश्न नाही. प्रश्न असा की त्या सकाळी ज्याच्याकडे स्वतःचे पान होते त्याचा पत्ता कायम राहिला आणि ज्याच्याकडे नव्हते तो गिऱ्हाइकाला हाक कुठून मारणार?

प्रत्येक कारागिराने कोड लिहायला बसावे असे आमचे म्हणणे नाही. पैसे घेणारी, बँकेशी जोडलेली मोठी वेबसाइट जाणकाराकडूनच करून घ्यावी. पण आठ-दहा पानांचे दुकान घरच्या मुलाला किंवा मुलीला सांभाळता येते. विशेषतः ज्या बहिणी घरी बसून जरीकाम, कशिदा करतात, त्यांच्या मुलींना हे हुनर आले तर दलालाशिवाय गिऱ्हाईक गाठता येईल. गावोगावच्या अंजुमनांना आणि मोहल्ल्यातल्या वाचनालयांना आमची सूचना आहे की टायपिंग आणि टॅलीच्या वर्गांना जोडून रविवारी दोन तासांचा एक वर्ग चालवावा. त्यात नवीन काही बनवायला शिकवू नये, बिघडलेले दुरुस्त करायला शिकवावे. आपल्याकडे उस्तादाने शागिर्दाला नेहमी तसेच शिकवले आहे. आधी फाटलेले शिवायचे, मग नवीन कापायचे.

तोपर्यंत प्रत्येक व्यापाऱ्याने या आठवड्यात एवढे करावे. वेबसाइट कोणाच्या नावावर आहे ते बघावे. पासवर्ड आपल्या वहीत आहे काय ते तपासावे. सगळ्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तिजोरीत ठेवावी. आणि शेजाऱ्याचा फोन मागून आपले दुकान गिऱ्हाइकाच्या नजरेने एकदा पाहावे. हाजीसाहेबांनी आता ते केले आहे. चावी त्यांच्या खिशात आहे, आणि येत्या रमजानला, इन्शाअल्लाह, बाटल्या दिसतील.